‘तेवढं बघून घे’ हे कुठल्याच कागदावर नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी माझी पुतणी घरी जेवायला आली होती, हिंजवडीला फेज टू मध्ये कामाला आहे, आणि जेवता जेवता तिचं एका हाताने मोबाईलवर टकाटक काहीतरी चाललं होतं म्हणून विचारलं काय गं एवढं अर्जंट, तर म्हणे काका एथिक्सचं ट्रेनिंग आहे, मँडेटरी, आज रात्री बाराच्या आत संपवायचंय. ४५ मिनिटांचा व्हिडिओ, तो आवाज बंद करून ताटाशेजारी चालू, आणि शेवटी २० प्रश्नांची परीक्षा. उत्तरं कुठून, तर टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली, १-ब, २-ड, ३-अ अशी ओळीने. नीतिमत्तेच्या पेपरला कॉपी! आधी मी हसलो, मग विचारलं की ही टाकली कुणी. टीममधल्याच एका पोराने टाकली होती, पण त्याला टीम लीडचा फोन आला होता की आपले चार जण राहिलेत, डॅशबोर्डवर आपली टीम लाल दिसतेय, तेवढं बघून घे. फोन बरं का, मेसेज नाही.

ते ‘तेवढं बघून घे’ ऐकलं आणि मला एकदम भोसरी आठवली.

मी ३४ वर्षं क्वालिटीत काढली, आधी भोसरी एमआयडीसीत आणि मग चाकणला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये. नावं देत नाही, कंपन्या चालू आहेत आणि जे त्यांच्यात चालायचं तेच शेजारच्या शेडमध्येही चालायचं. पेपरात कंपन्यांच्या नीतिमत्तेवर लेख येतात त्यात सत्यमसारखे हजारो कोटींचे घोटाळे असतात, ते वाचून आपल्याला वाटतं की हे वरच्या मजल्यावरचं प्रकरण आहे, आपला काय संबंध. पण रोजचं खोटं खालीच लिहिलं जातं, व्हर्नियर (माप घ्यायचं साधन) आणि बॉलपेन घेऊन बसलेल्या माणसाकडून, आणि मला एवढंच म्हणायचंय की ते लिहायला जो सांगतो तो कधीच लिहून सांगत नाही. सही लिहिणाऱ्याची असते. चौकशी झाली की सही सापडते, सांगणारा सापडत नाही.

१९९६ ची गोष्ट. एका हाउसिंगचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, होता १२ एमएमचा, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, वरच्या बाजूला १८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग), खालच्या बाजूला शून्य. संध्याकाळी साडेसहाला ८०० पीसचा लॉट माझ्या टेबलवर आला, टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर दोन चहा पिऊन वैतागलेला. प्लग गेज लावला तर नो-गो बाजू, जी आत जायलाच नको, ती आरामात आत जातेय, म्हणजे भोक मोठं झालंय. बोअर गेजने मोजलं तर १२.०२४. सहा मायक्रॉन जास्त. मी लाल टॅग लावला. पाच मिनिटांत साहेब आले, पीस हातात घेऊन ट्यूबलाईटसमोर धरला (बोअर डोळ्याने दिसत असता तर आम्हाला ठेवलं कशाला होतं) आणि म्हणाले, अरे माणसाचा केस सत्तर मायक्रॉनचा असतो, तू सहासाठी अडून बसलास? कस्टमरची लाईन थांबली तर डेबिट काय तुझ्या पगारातून कापू? तेवढं बघून घे. आणि गेले.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल सहा मायक्रॉनने काय आभाळ कोसळणार होतं. कदाचित काहीच नाही. आणि म्हणूनच सरळ रस्ता होता की, कस्टमरला कळवायचं की एवढ्या एवढ्याने बोअर वर गेलाय, चालेल का, त्यांचा इंजिनियर तपासून लेखी डेव्हिएशन, म्हणजे मापाबाहेरचा लॉट घ्यायची परवानगी, देतो नाहीतर लॉट परत पाठव म्हणतो. पण डेव्हिएशन मागितलं की व्हेंडर रेटिंगला मार्क कटतात, खरेदीवाले चिडतात, साहेबांना मीटिंगमध्ये उभं राहून सांगावं लागतं. त्यापेक्षा २७ वर्षांच्या पोराने पाच रीडिंग मनाने लिहिलेली स्वस्त पडतात. मी लिहिली. १२.०१२, १२.०१५, १२.००९, सगळी सारखी नकोत म्हणून थोडी मागेपुढे केली, खोटं लिहितानाही माणूस हौसेने लिहितो.

दोन महिन्यांनी कंप्लेंट आली. मग आमच्यात ‘फाईव्ह व्हाय’ म्हणून एक प्रकार असतो, पाच वेळा ‘का’ विचारत मुळापर्यंत जायचं. मोठ्या बोअरचे पीस का गेले? तपासणीत सुटले. का सुटले? इन्स्पेक्टरचा निष्काळजीपणा. संपलं, दोन ‘का’ मध्येच मूळ सापडलं, कारण तिसरा ‘का’ विचारला असता तर उत्तर साहेबांच्या केबिनमध्ये निघालं असतं. उपाययोजना : इन्स्पेक्टरला समज दिली व पुन्हा प्रशिक्षण दिले. मला मेमो मिळाला, व्यवस्थित टाईप केलेला, आवक-जावक नंबरासकट, खाली त्याच साहेबांची सही. मेमो लेखी असतो.

आपण पुण्याची माणसं ‘ध’ चा ‘मा’ केला हे येताजाता म्हणतो. १७७३ सालच्या त्या हुकमात ‘धरावे’ चं ‘मारावे’ झालं अशी आख्यायिका आहे, खरं खोटं इतिहासवाले बघतील, पण त्या गोष्टीत निदान कागद तरी आहे. आताचा साहेब कागदच करत नाही, त्यामुळे अक्षर बदलायची वेळच येत नाही. रामशास्त्री आज भोसरीत आले तर विचारणार कुणाला?

मोबाईल आल्यावर हे सुधारेल असं मला वाटलं होतं कारण सगळं चॅटवर राहतं. उलट झालं. पुतणी सांगत होती की त्यांच्याकडे काही अवघड विषय निघाला की मॅनेजर लिहितो ‘कॉलवर बोलू’. टाईमशीटमध्ये ११ तास केलेले असले तरी ८ च भर, नाहीतर प्रोजेक्ट एस्टिमेटच्या बाहेर जातो, हे कॉलवर. रविवारचं काम भरूच नकोस, हे कॉलवर. राजीनामा दिलास तर रिलीव्हिंग लेटर कसं मिळतं बघतो, हेही कॉलवर. तिच्या मेलबॉक्समध्ये बघाल तर तो मॅनेजर संत आहे, प्रत्येक मेलच्या खाली ‘वर्क लाईफ बॅलन्स सांभाळा’.

ऑडिटच्या आदल्या रात्रीबद्दल थोडं लिहितो कारण ज्यांनी ती पाहिलीय ते हसतील आणि ज्यांनी नाही त्यांना कळेल तरी. दर दोन तासांनी भरायची चेकशीट महिनाभर कुणी भरलेली नसते, कारण त्या कामाला माणूसच दिलेला नसतो. मग ऑडिटच्या आदल्या रात्री चार जण वडापाव घेऊन बसतात आणि तीस दिवसांची शीटं लिहून काढतात. तीन वेगळी पेनं घ्यायची, एकच शाई दिसायला नको. मध्येच एखादं रीडिंग खोडायचं आणि शेजारी इनिशियल मारायचं, खरं वाटतं. आमच्यातला एक जण कागदावर चहाच्या कपाचा गोल उमटवायचा, त्याला आम्ही कलाकार म्हणायचो. सकाळी ऑडिटर यायचा, फायली चाळायचा, रेकॉर्ड फार छान ठेवलंय म्हणायचा. भिंतीवर ‘गुणवत्ता हीच आमची ओळख’ अशी फ्रेम. ३४ वर्षांत मला एकच ऑडिटर असा भेटला की ज्याने फाईल बघितलीच नाही, थेट शॉपवर, म्हणजे मशीन चालतात तिथे, जाऊन लाल पेटी उघडली, म्हणजे रिजेक्ट माल टाकायची पेटी, आणि ती रिकामी दिसल्यावर म्हणाला की महिन्याला लाखभर पीस काढता आणि एकही खराब नाही, हे मला पटत नाही. तासाभरात सगळं बाहेर आलं. बाकीच्या ऑडिटरना हे माहीत नसतं असं थोडंच आहे.

आम्हाला ट्रेनिंगला सारखे जपानचे दाखले द्यायचे, फाईव्ह एस, कायझेन, पोका योके अशा तिकडच्या कामाच्या पद्धती, जपानी माणूस खोटं बोलत नाही वगैरे. मी पण तेच पुढच्या पोरांना शिकवलं. मग २०१७ मध्ये निसानने जपानमध्ये जवळपास १२ लाख गाड्या परत बोलावल्या, कारण शेवटची तपासणी अधिकार नसलेली माणसं करत होती आणि कागदावर शिक्का मात्र अधिकार असलेल्या इन्स्पेक्टरचा उमटत होता. शिक्का उसना! वाचून मला चहाचा गोलच आठवला. आणि डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या मालकीच्या दाईहात्सूचं निघालं, सुरक्षेच्या चाचण्यांमध्ये ६४ मॉडेलमध्ये गैरप्रकार, सगळ्यात जुना १९८९ सालचा, धडकेच्या काही चाचण्यांमध्ये तर एअरबॅग सेन्सरने उघडायच्या ऐवजी टायमर लावून उघडलेली. सगळ्या गाड्यांची डिलिव्हरी थांबवावी लागली. पण तिथल्या चौकशी समितीने एक केलं जे आमच्या फाईव्ह व्हाय मध्ये कधी झालं नाही, ते दुसऱ्या ‘का’ला थांबले नाहीत. वेळापत्रक इतकं आवळलेलं की पहिल्याच फटक्यात चाचणी पास झालीच पाहिजे, आणि याला जबाबदार चाचणी घेणारी पोरं नाहीत तर मॅनेजमेंट, असं त्यांनी अहवालात लिहिलं. लिहिलं, हे महत्त्वाचं.

आता माझं स्वतःचं सांगतो, नाहीतर हा म्हातारा नुसता साहेबांना शिव्या घालतोय असं वाटेल.

२०११ पर्यंत मी स्वतः साहेब झालो होतो. चाकणला एका बारक्या प्रेस शॉपचा, म्हणजे प्रेस मशीनवर पार्ट काढायच्या खात्याचा, सगळा चार्ज माझ्याकडे, काचेची केबिन. दसरा-दिवाळीच्या आधी गाड्यांना मागणी असते, वरून रोज फोन. पॉवर प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच स्ट्रोक पडतो, प्रेस खाली येतो, म्हणजे हात डायच्या (साच्याच्या) बाहेरच राहतात. पण त्याने तासाला पीस कमी निघतात. एक बटण काडी खोचून दाबून ठेवलं की एक हात मोकळा होतो आणि काम भराभर होतं, हे प्रेस शॉपमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. मी सुपरवायझरला काय म्हणालो तर, बघा काहीतरी, पण आज ४००० निघाले पाहिजेत. काडी खोच असं मी म्हणालो नाही. शपथेवर सांगू शकलो असतो की म्हणालो नाही. तो माझ्याकडे दोन सेकंद बघत राहिला आणि मी फोनवर कुणाचा तरी मेसेज आल्यासारखं केलं.

रात्री पावणेदोनला फोन आला. नांदेडकडचा मुलगा होता, कॉन्ट्रॅक्टरचा, २२ वर्षांचा, उजव्या हाताची दोन बोटं पेरापासून गेली. दवाखान्यात मीच घेऊन गेलो माझ्या गाडीतून, तो रस्ताभर एकच विचारत होता की साहेब कामावरून काढणार नाही ना. फॅक्टरी कायद्याप्रमाणे जखमी माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही की अपघात कळवावा लागायचा, तो फॉर्म भरला, त्यात कारणाची एक ओळ असते. मी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. लिहिताना काही वाटलं नाही. घरी येऊन झोपायला गेलो तेव्हा आठवलं की १५ वर्षांपूर्वीच्या माझ्या मेमोत हाच शब्द होता.

मुलगा गावाकडे निघून गेला. सुपरवायझरला काढलं. मला काही झालं नाही, मार्चमध्ये इन्क्रिमेंट मिळाली.

खालची माणसं पण काही धुतल्या तांदळासारखी नसतात हे मान्य. दुसऱ्याचं पंचिंग करणारे, सख्ख्या सासऱ्याच्या घरात राहून भाड्याच्या पावत्या लावणारे, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ताप येणारे, खोटी अनुभवपत्रं घेऊन इंटरव्ह्यूला येणारे, तीन ऑफर खिशात ठेवून चौथीकडे जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करणारे, सगळे पाहिलेत. २०२२ मध्ये विप्रोने एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्या ३०० जणांना काढलं तेव्हा केवढी चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण यातला प्रत्येक जण स्वतःच्या फायद्यासाठी करतो आणि पकडला गेला तर स्वतः भोगतो. ‘बघून घे’ म्हणणारा दुसऱ्याच्या हाताने करतो आणि दुसराच भोगतो. माझ्या हिशोबात या दोन गोष्टी एका तागडीत बसत नाहीत.

लोक म्हणतात नाही म्हणायचं ना मग. पुनावळे-रावेतला फ्लॅट घेतलेला असतो, हप्ता ५ तारखेला जातो, नोटीस पिरियड ९० दिवसांचा, आणि आधीच्या कंपनीचं पत्र नसेल तर पुढची उभं करत नाही. वेतन संहितेत आता लिहिलंय की राजीनामा दिलेल्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा, चांगलं आहे, पण तो मिळवायला भांडायची ताकद किती जणांत असते. कॉन्ट्रॅक्टच्या पोराचं तर बोलूच नका, त्याच्या खात्यात कायद्याने पूर्ण पगार जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यातले दोन-तीन हजार एटीएममधून काढून कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाला परत द्यावे लागतात, अशी ठिकाणं मी डोळ्यांनी बघितलीत. तो काय नाही म्हणणार.

त्या अपघातानंतर मी एक सवय लावून घेतली, उशिराच सुचलं पण सांगतो कारण कुणाला उपयोगी पडेल. वरून काही उलटसुलट सांगितलं गेलं की भांडायचं नाही, वाद घालायचा नाही, लगेच एक साधा मेल टाकायचा : ‘आत्ता फोनवर बोलणं झाल्याप्रमाणे अमुक नंबरचा लॉट बोअर सहा मायक्रॉन जास्त असताना पाठवत आहे, कृपया कन्फर्म करावे.’ बास. दहापैकी सात वेळा दोन मिनिटांत फोन वाजायचा, अरे थांब थांब पाठवू नको, मी कस्टमरशी बोलतो. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच लॉट कस्टमरने डेव्हिएशनवर घेतले सुद्धा, एवढी वर्षं आम्ही उगाच खोटं लिहीत होतो. फुकट नाही मिळालं हे, अप्रेझलमध्ये ‘टीम प्लेयर नाही’ असा शेरा तीन वर्षं लागोपाठ आला. पण तो लेखी होता, मला राग नाही.

आणि मॅनेजर झालेल्या पोरांनी उलटं करून बघावं, आपण सांगतोय ते मेलमध्ये लिहायची आपली तयारी आहे का. हात अडखळला तर तोंडानेही सांगू नये.

बाकी कायद्याचं म्हणाल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात एक गोष्ट मला फार पटते. १० किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी बायका, आणि एक माणूस कंपनीच्या बाहेरचा. भोसरीत कित्येक ठिकाणी ही समिती म्हणजे नोटीस बोर्डावरचा एक कागद आहे हे मला माहीत आहे, तरी बाहेरचं कुणीतरी असलंच पाहिजे हे तत्त्व बरोबर आहे. खोट्या रीडिंगची, बायपास केलेल्या मशीनची, कापलेल्या पगाराची तक्रार घेऊन जायला असं कुणी नाहीये. कंपनी कायद्यात तक्रारीची यंत्रणा ठेवायला सांगितलीय पण ती लिस्टेड कंपन्यांना, नाहीतर बँकांकडून ५० कोटींच्या वर कर्ज घेतलेल्यांना वगैरे, आमच्या पन्नास माणसांच्या शेडला कोण विचारतो. मराठा चेंबर ही उद्योजकांची संघटना १९३४ पासून पुण्यात आहे, भोसरी-चाकणला लघुउद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांनी निवृत्त इंजिनियर, वकील, कामगार क्षेत्रातली माणसं अशी एक यादी करावी आणि छोट्या कंपन्यांना बाहेरचा माणूस म्हणून द्यावीत. चहा-बिस्किटावर येतील, माझ्यासारखे बरेच जण घरी बसून सुडोकू सोडवतायत.

तक्रार करणाऱ्याचं नाव फुटू नये हे मात्र आधी बघायला हवं. सत्येंद्र दुबे हा रस्ते प्राधिकरणातला तरुण इंजिनियर, त्याने बिहारमधल्या महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, माझं नाव गुप्त ठेवा असं त्यातच म्हटलं, तरी ते पत्र खात्याखात्यांतून फिरलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घालून मारलं. लूटमारीत झालेला खून म्हणून तिघांना शिक्षा झाली, कोर्टाचं कोर्टापाशी. पण नाव गुप्त ठेवा हे त्याने सांगितलं होतं आणि ते ठेवलं गेलं नाही, एवढं तर खरं.

म्हणून एक विनंती, पत्र छापलंत तर माझं नाव छापू नका. मी सुटलोय, पण मुलगा त्याच धंद्यात आहे.

आपला,
एक निवृत्त क्वालिटीवाला, चिंचवड

ता.क. पुतणीला २० पैकी १९ पडले. ग्रुपवरच्या उत्तरांमध्ये एक चुकीचं होतं त्यामुळे अख्ख्या टीमला १९ च पडलेत. प्रश्न होता, वरिष्ठांनी नियमाबाहेरचं काम सांगितलं तर काय कराल.